थंडीत डोकं जागेवर राहावं म्हणून: टायरोसिनची पहिली ओळख

जुलैतली सकाळ. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडं निघालो होतो. मसाई पठारावर चढलो आणि पाऊस आडवा लागायला लागला. तिथं झाड नाही की आडोसा नाही, वारा सरळ अंगावर. मी सगळ्यात मागं होतो आणि माझ्याकडं काम एकच, माणसं मोजायची. निघताना चौदा होतो. मोजले तर तेरा भरले. परत मोजले तर पंधरा. तिसऱ्या वेळी नऊवर आलो आणि आठवेना, तो पिवळा रेनकोटवाला मोजून झालाय की मोजायचाय? दहा मिनिटं हा घोळ चालला होता. नंतर कळलं की पहिल्या वेळी मी स्वतःला धरलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी काय झालं ते आजही सांगता येणार नाही.

त्या दिवशी बर्फ पडला नव्हता. पारा विशीच्या आसपास असेल. तरी अंगातली कॉटनची बनियन चिंब भिजलेली, वर वारा, आणि पोटात सकाळचे दोन घास पोहे. तेवढ्यावर डोकं बधिर झालं. थंडी म्हटलं की आपण बोटांचा, कानांचा विचार करतो. मोजायला, लक्षात ठेवायला, निर्णय घ्यायला लागणारी डोक्यातली छोटी पाटी थंडीत पुसली जाते, हे मला तिथं कळलं. त्यानंतर या विषयावर वाचायला लागलो आणि टायरोसिन हे नाव भेटलं.

हा लेख नवख्यांसाठी आहे. हिमालयातल्या केदारकंठा शिखराला पहिल्यांदा निघालेली पोरं, भरतीसाठी पहाटे पाचला ग्राउंडवर पळणारी पोरं-पोरी, थंडीत पोहण्याचा नाद लागलेले, आणि अर्थात पावसाळ्यात पावनखिंड करणारे. मी डॉक्टर नाही, ट्रेकला माणसं नेणारा माणूस आहे. त्यामुळं जिथं डॉक्टरला विचारायचंय तिथं विचाराच.

आधी ते आहे काय

प्रथिनं ज्या विटांनी बनतात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. टायरोसिन ही त्यातलीच एक वीट. १८४६ साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते चीजमधल्या केसिनपासून वेगळं केलं, म्हणून नावही ग्रीक भाषेतल्या चीजच्या शब्दावरून पडलं. जुन्या, मुरलेल्या चीजमध्ये दाताखाली जे पांढरे कण कचकचतात ते बऱ्याचदा याचेच असतात. आमच्या कोल्हापूरसारख्या दुधाच्या गावाला हा पदार्थ परका नाही, एवढं लक्षात घ्या.

शरीर ते स्वतःही बनवतं, फेनिलॲलॅनिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लापासून. आणि टायरोसिनपासून पुढं पायरी पायरीनं डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि ॲड्रेनॅलिन तयार होतात. यातलं नॉरॲड्रेनॅलिन आपल्या कामाचं. थंडी वाजली की मेंदूतल्या आणि अंगातल्या नॉरॲड्रेनॅलिनच्या पेशी एकसारख्या पेटतात. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळा, आतली ऊब आत ठेवा, सावध राहा, असे हुकूम तिथून सुटतात. थोडा वेळ हे ठीक चालतं. तासन्‌तास चाललं की माल जितका खर्च होतो तितका तयार होत नाही. शांत बसलेल्या माणसाला जास्तीचं टायरोसिन देऊन फारसा फरक पडत नाही, कारण त्याची भट्टी मंद चालू असते. भट्टी रात्रंदिवस पेटलेली असताना मात्र कच्चा माल किती येतो याला महत्त्व येतं. गुऱ्हाळावर ऊस वेळेवर आला नाही की काय होतं ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

प्रयोगांत काय दिसलं

ही कल्पना जास्त करून अमेरिकेच्या लष्करी संशोधकांनी तपासली. त्यांना सैनिकाला थंडीत नकाशा वाचता येतो का, निशाणा लागतो का, याच्याशी मतलब. मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक इथल्या लष्करी संस्थेचे बँडरेट आणि लीबरमन यांचा १९८९ मधला प्रयोग जुना आणि नावाजलेला. त्यांनी जवानांना १५ अंश थंडी आणि ४,२०० ते ४,७०० मीटर उंचीइतकी विरळ हवा एकत्र दिली. वजनाच्या दर किलोला १०० मिलिग्रॅम टायरोसिन घेतलेल्यांना डोकेदुखी, थंडी, मरगळ यांचा त्रास कमी झाला आणि डोक्याची कामंही बरी जमली. उंची आणि थंडी एकत्र, म्हणजे हिमालयात जाणाऱ्याला हा प्रयोग जवळचा.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या नौदलाकडच्या संशोधकांनी ४ अंशांच्या खोलीत माणसं बसवली. पडद्यावर एक नक्षी दाखवायची, थोडा वेळ थांबायचं, मग दोन नक्ष्यांतली आधीची कुठली ते विचारायचं. थंडीत चुका वाढल्या. किलोला १५० मिलिग्रॅम टायरोसिन घेतल्यावर त्या जवळजवळ उबदार खोलीतल्या इतक्याच उरल्या. माझं मसाईवरचं मोजणं हीच ती परीक्षा होती, फक्त पडद्याऐवजी पिवळा रेनकोट होता.

२००७ मध्ये नेटिकचेच दोन प्रयोग आले. त्यात लोकांना १० अंशांच्या पाण्यात बसवून अंगाचं आतलं तापमान खाली आणलं आणि टायरोसिन घातलेले खाण्याचे बार दिले. स्मरणाच्या चाचण्या आणि नेमबाजी, दोन्हींत थंडीनं झालेली घसरण कमी झाली.

आता महत्त्वाचं. या तरुण मंडळींचं अंग टायरोसिननं जास्त गरम राहिलं नाही. थरथर तेवढीच, थंडी तेवढीच. वाचलं ते डोक्याचं काम. म्हणून हे खाऊन ‘थंडी वाजणार नाही’ असं कुणी सांगत असेल तर त्याला दुकान चालवायचंय. आणखी एक, हे सगळे प्रयोग थोड्या थोड्या माणसांवरचे आहेत, शेकड्यांवरचे नाहीत. मला पटले, पण देव्हाऱ्यात बसवण्याइतके नाहीत.

पहिली पायरी: आपली थंडी ओळखा

कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटे पळताना जी थंडी वाजते ती दहा मिनिटांत जाते. पळायला लागला की अंग स्वतः तापतं. त्यासाठी टायरोसिनचा विचारही करू नका, एक माकडटोपी पुरे.

खरी थंडी तीन ठिकाणी गाठते. एक, ओलं अंग आणि वारा, म्हणजे मसाई, गगनबावडा, आंबा घाट, जुलै-ऑगस्ट. दोन, पाण्यात बराच वेळ. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे पंचवीसपट वेगानं ओढतं, म्हणून पहाटे तलावात तासभर पोहणारा बाहेर आला की किल्ली कुलपात घालता येत नाही. तीन, हिमालयात हिवाळ्याची रात्र, जिथं पारा शून्याच्या बराच खाली आणि हवाही विरळ. या तिन्हींतलं काही तुमच्या वाट्याला येणार नसेल तर पुढचं नुसतं माहितीसाठी वाचा.

दुसरी पायरी: टायरोसिनच्या आधीची कामं

ही करून मगच पुढं चला. अंगाला चिकटून कॉटन नको, ते ओलं राहतं. सिंथेटिक किंवा लोकरीचं घाला. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. थरथरायला अंगाला पीठ-साखर लागते, तेव्हा उपाशी निघू नका. आणि दारू नाही. ‘जरा घोट घेतला की गरम वाटतं’ हे खरं आहे, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. वाटतं गरम, होतो गार.

तिसरी पायरी: ताट

माझ्या मते खरी गोष्ट इथंच आहे. भुकटीचे डबे विकत घेणारे निम्मे लोक आपल्या ताटात किती टायरोसिन आहे हे बघतच नाहीत.

अंदाज असा धरा. एका अंड्यात सुमारे २५० मिलिग्रॅम. म्हशीच्या दुधात १०० मिलीला १८० च्या आसपास. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण एक ग्रॅम. शिजलेल्या मटण-चिकनमध्ये १०० ग्रॅमला ग्रॅमच्या जवळपास. तीळ, सोयाबीन, पनीर यांतही भरपूर. डाळी आणि हुलग्यांत त्याहून कमी, पण आपण त्या रोज खातो.

मोठ्या माणसाची रोजची गरज फेनिलॲलॅनिन आणि टायरोसिन मिळून वजनाच्या किलोला २५ मिलिग्रॅम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ चा आकडा. साठ किलोच्या पोरीला दीड ग्रॅम. आता तिचं ताट बघू. सकाळी दोन अंडी, अर्धा ग्रॅम. दिवसभरात दोन पेले दूध, म्हणजे अर्धा लिटर, नऊशे मिलिग्रॅम. एक मूठ शेंगदाणे, तीनशेच्या वर. इथंच गरज भरली, अजून आमटी-भाकरी, दही, बुधवारचं नाहीतर रविवारचं मटण धरलंच नाही. फेनिलॲलॅनिन तर मोजलंच नाही.

म्हणजे नीट जेवणाऱ्या कोल्हापूरकराला रोजच्यासाठी टायरोसिन कमी पडत नाही. कमी पडतं ते ट्रेकच्या आठवड्यात. सकाळी नूडल्स, दुपारी बिस्किटं, रात्री पांढरा भात आणि पातळ आमटी. सगळं पीठच पीठ. प्रथिनं असलेला नाष्टा केला की रक्तातलं टायरोसिन चढतं, नुसत्या पिठाच्या नाष्ट्यानं ते तसं चढत नाही. तेव्हा माझा पहिला सल्ला फुकटातला आहे: थंडीच्या दिवशी सकाळच्या नाष्ट्यात अंडी, दूध किंवा शेंगदाणे असलेच पाहिजेत. आमच्या ग्रुपमध्ये शेंगदाणा-तीळ-गुळाचा लाडू चालतो. दाणे खमंग भाजून, सालं पाखडून, जाडसर कुटायचे. फार बारीक केले की तेल सुटतं आणि लाडू गारठ्यात दगड होतो. गूळ त्यातच कुटायचा, पाक करत बसायचं नाही. लाडू लिंबाएवढा, दस्ताने न काढता तोंडात जाईल असा. हे मापच मी सगळ्यात जास्त वेळा चुकवलंय.

आता प्रयोगातला डोस ताटातून मिळेल का? हिशेब करा. किलोला १५० मिलिग्रॅम म्हणजे साठ किलोला नऊ ग्रॅम. छत्तीस अंडी. किंवा किलोभर शेंगदाणे. किंवा पाच लिटर म्हशीचं दूध, एका बैठकीत. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर मी एका मामांना हा हिशेब सांगितला. म्हैस पिळता पिळता ते म्हणाले, “पूर्वीच्या पैलवानाला काय जड नव्हतं, पण तुला पाजून तुझ्या घरच्यांच्या शिव्या कोण खाणार?” आणि खरं सांगायचं तर पैलवान पाच लिटर प्यायला तरी तो प्रयोग होत नाही. दुधातून टायरोसिनबरोबर ल्युसिन, ट्रिप्टोफॅन अशी भावंडंही येतात आणि मेंदूत शिरायचा दरवाजा सगळ्यांना एकच. गर्दीत टायरोसिनचा नंबर मागं पडतो. प्रयोगात ते वेगळं काढून दिलं होतं, म्हणून त्याला वाट मोकळी मिळाली.

ताट रोजची गरज भागवतं. प्रयोगाचा परिणाम ताटातून मिळेल अशी आशा धरू नका.

चौथी पायरी: भुकटी घ्यायचीच असेल तर

आधी कुणी घेऊ नये ते. थायरॉईड वाढलेला असेल किंवा थायरॉईडची गोळी चालू असेल, नैराश्यासाठी एमएओ रोधक गटातली औषधं असतील, पार्किन्सनसाठी लेव्होडोपा चालू असेल, रक्तदाब जास्त असेल, मायग्रेनचा त्रास असेल, गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर आपल्या डॉक्टरशिवाय नाही. टायरोसिनेमिया हा जन्मजात आजार असेल तर अजिबात नाही. अठराच्या आतल्या भरतीवाल्या पोरांना मी स्वतः देत नाही, त्यांना दूध आणि अंडी.

दुकानात दोन नावं दिसतात. एल-टायरोसिन आणि एन-ॲसिटिल-एल-टायरोसिन. दुसरं पाण्यात चटकन विरघळतं म्हणून ‘भारी’ सांगून महाग विकतात, पण त्याचं शरीरात टायरोसिनमध्ये रूपांतर नीट होत नाही, बराच भाग लघवीवाटे तसाच निघून जातो. थंडीवरच्या वरच्या प्रयोगांत साधं टायरोसिनच होतं. साधंच घ्या. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, परवाना क्रमांक बघा. आणि व्यायामाआधी घ्यायच्या रंगीत भुकट्या टाळा, त्यांत टायरोसिनपेक्षा कॅफीनच बोलतं.

मी पहिल्यांदा भुकटी आणली आणि काचेच्या पेल्यात कोमट पाण्यात दोन चमचे टाकली. ढवळली. ढवळतच राहिलो. चमचा थांबला की पांढरा थर खाली बसायचा, जसा चुना बसतो. वर थोडी भुकटी तरंगतच होती. घरची म्हणाली, भिंत रंगवायचीय का? टायरोसिन लिटरभर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळतं. नऊ ग्रॅमसाठी आंघोळीची बादली लागेल. मग पाणी सोडलं आणि वाटीभर घट्ट दह्यात साखर घालून कालवलं. खडूची चव तशीच राहते, पण गिळता येतं. प्रयोगवाल्यांनी खायच्या बारमध्ये का घातलं ते तेव्हा कळलं. कॅप्सूल घ्यावी तर पाचशे मिलिग्रॅमची असते, नऊ ग्रॅमला अठरा.

किती घ्यायचं? प्रयोगातला पूर्ण डोस मी कुणाला सुचवत नाही. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या दिवसापुरता दिला होता, महिनोन्‌महिने रोज नव्हे. डॉक्टरशी बोलून घेणार असाल तर घरी, सुट्टीच्या दिवशी, थोड्यापासून सुरू करा. बघायचं एवढंच की पोट कसं वागतं, मळमळ होते का, डोकं दुखतं का, रात्री झोप लागते का. त्रास झाला तर विषय संपला. घेतल्यावर रक्तातलं प्रमाण वर चढायला तासाभराहून अधिक वेळ लागतो, तेव्हा थरथर सुटल्यावर घेऊन उपयोग नाही, निघायच्या आधीच घ्यावं लागतं. आणि प्रथिनांच्या मोठ्या जेवणाबरोबर नको, ती दरवाज्यावरची गर्दी आठवा.

‘मला फरक जाणवला’ हे मात्र घरच्या प्रयोगातून सांगता येत नाही. काहीतरी घेतलंय एवढ्या विचारानंही माणूस तरतरीत होतो. म्हणून प्रयोगात निम्म्या वेळा खोटा डोस देतात आणि कुठला खरा ते कुणाला सांगत नाहीत. मी दोन ट्रेकला घेतलं. एकदा भारी वाटलं, एकदा काहीच नाही. त्यावरून मी काहीही सिद्ध करत नाही. आता माझ्या सॅकमध्ये लाडू असतात, डबा नसतो.

पाचवी पायरी: वाटेवर डोक्याची चाचणी

टायरोसिन घ्या किंवा नका घेऊ, ही पायरी सगळ्यांना. अंगाचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की धोका सुरू होतो, पण थर्मामीटर कोण लावतंय? लक्षणं बघा. हातातून वस्तू पडतात, पाय अडखळतात, शब्द जड होतात, आणि एरवी गोड असणारा माणूस विनाकारण करवादतो. ‘मला काय झालंय’ म्हणून भांडणाराच बहुतेक वेळा गारठलेला असतो.

मी एक सोपी चाचणी करतो. शंभरातून सात वजा करत जा म्हणतो. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. याआधी चहाच्या टपरीवर, कोरडं असताना प्रत्येकाकडून करून घेतलेलं असतं, कारण काहींना ते घरात बसूनही येत नाही. टपरीवर जमत होतं आणि पठारावर अडलं, तर तो माणूस थांबला. ओले कपडे काढायचे, कोरडे चढवायचे, वाऱ्याकडं पाठ, दोघांच्या मधे बसवायचं, गिळता येत असेल तर गरम आणि गोड काहीतरी पाजायचं. चोळाचोळी करायची नाही. थरथर अचानक बंद झाली आणि माणूस सुस्तावला, तर ते बरं होण्याचं लक्षण नव्हे, तिथून त्याला ताबडतोब खाली दवाखान्यात न्यायचं.

आणि अवघड निर्णय आधीच घेऊन ठेवायचे. कुठून मागं फिरायचं, किती वाजता फिरायचं, दोरी कोण बांधणार, पैसे कुणाकडं. गारठलेल्या डोक्याला नवा विचार करायला लावू नका, ठरलेलं वाचायला लावा. मी ते कागदावर लिहून पिशवीत घालतो, मोबाईलवर नाही. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही.

माणसं मोजायचं काम मी त्या जुलैनंतर सोडून दिलं. आता निघतानाच प्रत्येकाला नंबर देतो आणि पठारावर दर अर्ध्या तासाला पुढून आवाज सुरू होतो, एक, दोन, तीन. वाऱ्यात ओरडावं लागतं. मागच्या खेपेला सातनंतर आवाजच आला नाही. आठ नंबर तिथंच उभा होता, बूट बघत. स्वतःचा आकडा विसरला होता. त्याला आडोशाला बसवला, कोरडा शर्ट चढवला, थर्मासमधला गूळ घातलेला चहा आणि दोन लाडू दिले. वीसेक मिनिटांनी मागून हाक आली, “आठ!”